कॉर्क की क्लेअर? आयोवातील एका आयरिश शेतकरी घराण्याच्या सहा पिढ्यांचा माग: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील कुटुंब अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ईशान्य भागात, मिसिसिपी नदीपासून फार दूर नसलेल्या एका ग्रामीण काउंटीत दीडशेहून अधिक वर्षे शेती करत आले आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून आडनाव, काउंटी आणि आयर्लंडमधील पॅरिश (एका चर्चच्या हद्दीत येणारा परिसर) यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि माणसांची पहिली नावेही बदलली आहेत. विचारणा करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. आपले खापरपणजोबा पॅट्रिक आयर्लंडमधील नेमक्या कोणत्या जागेतून आले हे त्यांना हवे होते, आणि तिथपासून आजवरच्या शाखांची वंशावळ कागदपत्रांच्या आधाराने मांडायची होती. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात मूळ गाव बहुधा आधीपासून ठाऊक असते आणि शोध पुढच्या शाखांचा असतो. येथे मूळ गावच हरवलेले होते.

आयर्लंडमधील १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळाची पार्श्वभूमी या घराण्याला आहे. बटाट्याच्या पिकावरील करप्यामुळे सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ च्या शिरगणतीत साडेपासष्ट लाखांवर आली. अमेरिकेत उतरलेल्यांपैकी बहुतेक जण बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत राहिले. जे शेतीकडे वळले ते पुष्कळदा दोन टप्प्यांत वळले: आधी कालव्यांवर आणि रेल्वेमार्गांवर मजुरी, मग साठलेल्या पैशांतून सरकारी जमीन. इलिनॉय आणि मिशिगन कालवा १८४८ मध्ये पूर्ण झाला आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे काम १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात चालले; दोन्हींवर आयरिश मजुरांचा मोठा भरणा होता. नदीपलीकडे आयोवात जमीन एकरी सव्वा डॉलरने मिळत होती. शिवाय १८३७ मध्ये स्थापन झालेल्या डब्यूक धर्मप्रांताचे पहिले बिशप मथायस लोरास कॅथलिक स्थलांतरितांना तिकडे येण्याचे आवाहन करत होते.

कुटुंबाकडे तीन गोष्टी शिल्लक होत्या. जमिनीच्या मालकीहक्काचा सारांश, ज्याला आयोवातील शेतकरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात आणि जो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. वर्तमानपत्रांतील कात्रणांची एक चिकटवही. आणि ‘आपण कॉर्कचे’ अशी तोंडी परंपरा.

प्रश्न

इंटरनेटवरील एका सामायिक वंशावळीत पॅट्रिक आधीच ‘सापडलेला’ होता. कॉर्क काउंटीतील एका पॅरिशमध्ये १८२७ साली बाप्तिस्मा झालेला त्याच नावाचा मुलगा हाच आपला पॅट्रिक, असे तिथे ठरवून टाकलेले होते, आणि ती वंशावळ इतर अनेकांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. या ओळखीला नावसाधर्म्य आणि ढोबळ वय यांपलीकडे आधार नव्हता. दुसरीकडे, कॅथलिक दफनभूमीतील दगडावर १८८१ मध्ये वारलेल्या पॅट्रिकच्या नावाखाली फक्त आयर्लंड असे होते, तर १९०७ मध्ये वारलेल्या त्याच्या पत्नीच्या, ब्रिजेटच्या, नावाखाली ‘काउंटी क्लेअर’ कोरलेले होते. ती काउंटी तिची एकटीची की दोघांची, हे दगडावरून ठरत नव्हते.

आयरिश शोधात काउंटी कळून फारसे भागत नाही. कागद सापडायचा तर टाउनलँड लागते. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा, सरासरी सव्वातीनशे एकरांचा तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत. नावांची पुनरावृत्ती ही दुसरी अडचण. पहिल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचे आणि दुसऱ्याला आईकडच्या आजोबांचे नाव देण्याची रीत बऱ्याच घरांत पाळली जाई, त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये एकाच आडनावाचे चार-पाच समवयस्क पॅट्रिक सहज निघतात. तिसरी अडचण ३० जून १९२२ ची. आयरिश यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनमधील फोर कोर्ट्स येथील सार्वजनिक दफ्तरखाना उद्ध्वस्त झाला आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. १८६१ आणि १८७१ च्या शिरगणत्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिल्या गेल्या. अखंड उरलेली पहिली शिरगणती १९०१ ची आहे, आणि तोवर पॅट्रिकला जाऊन वीस वर्षे झाली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: कॉर्क ही परंपरा खरी मानून तिथल्या एखाद्या जाणकाराकडे काम सोपवायचे. घरातील काही जणांचा कल याकडेच होता, कारण एक नाव आणि एक तारीख हाती दिसत होती. दुसरा पर्याय जहाजांच्या प्रवासी याद्यांचा. तो लवकरच बाजूला पडला, कारण १८५० च्या आसपासच्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढेच असते. गाव जवळजवळ कधीच नसते. शिवाय भाडे स्वस्त म्हणून क्वेबेकमार्गे किंवा न्यू ऑर्लिन्सहून नदीने वर आलेल्यांची संख्या मोठी असल्याने बंदरही गृहीत धरता येत नव्हते. तिसरा पर्याय डीएनए चाचणीचा. तिचा उपयोग पुढे झाला, परंतु केवळ चाचणीच्या बळावर निघायचे तर जुळणाऱ्या माणसांच्या गर्दीतून वाट काढायला आधी कागदाची चौकट लागते. बोस्टनच्या ‘पायलट’ या साप्ताहिकात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या चौकशीच्या जाहिराती छापल्या जात आणि त्यांत पॅरिश, कधी टाउनलँडही येई. तिथे शोध घेऊन पाहिला, पण या घराण्याचे काही निघाले नाही.

निवडलेला मार्ग चौथा होता. समुद्र ओलांडण्याआधी अमेरिकेतील कागद पुरते संपवायचे, आणि तेही पॅट्रिकपुरते न पाहता त्याच्याभोवतीच्या माणसांचे: भाऊ, बहिणी, विवाहाचे साक्षीदार, मुलांचे धर्मपिता आणि धर्ममाता, कुंपणाला कुंपण लागून असलेले शेजारी. वेळखाऊ असल्यामुळे घरच्यांना तो सुरुवातीला पटला नाही, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती; आयर्लंडचा प्रश्न विचारणाऱ्याला आयोवातील बाप्तिस्म्यांच्या नोंदी दाखवल्या तर तो वैतागणारच.

पहिला निर्णय: दोन पॅट्रिक वेगळे करणे

१८६० च्या अमेरिकी शिरगणतीत त्या काउंटीत त्याच नावाचे दोन प्रौढ शेतकरी होते, एक ३४ वर्षांचा आणि दुसरा ३६ वर्षांचा, आणि दोघांच्याही पत्नीचे नाव ब्रिजेट. सामायिक वंशावळीत या दोघांचे कागद एकाच माणसाच्या नावावर चिकटवलेले होते. त्यांना वेगळे करायला जमीन उपयोगी पडली. अमेरिकेच्या मध्यभागातील सरकारी मोजणीत सहा मैल बाजूचा चौरस म्हणजे टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. त्यामुळे प्रत्येक खरेदीखतात जमिनीचा पत्ता नेमका असतो आणि नावे सारखी असली तरी शेते सारखी असू शकत नाहीत. अ‍ॅबस्ट्रॅक्टनुसार घराण्याचे पहिले शेत १८५५ साली सरकारकडून पन्नास डॉलरना घेतलेले ४० एकर होते. दुसऱ्या पॅट्रिकचे शेत वेगळ्या टाउनशिपमध्ये होते.

ही चौकट हाती आल्यावर बाकीचे कागद वाटून देता आले. लॅटिनमध्ये लिहिलेल्या चर्चच्या नोंदवहीत बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव असते, त्यामुळे दोन ब्रिजेट वेगळ्या झाल्या. १८५६ च्या आयोवा राज्याच्या शिरगणतीत प्रत्येकाने राज्यात येऊन किती वर्षे झाली हे विचारलेले आहे. घराण्याच्या पॅट्रिकपुढे एक वर्ष आणि दुसऱ्यापुढे सहा वर्षे आहेत. थोरला मुलगा जॉन इलिनॉयमध्ये जन्मलेला, म्हणजे आयोवापूर्वीचा मुक्काम कालव्याच्या किंवा रेल्वेच्या पट्ट्यात असणार हेही त्यातून कळले, आणि पुढे तिथल्या एका चर्चमध्ये १८५२ चा विवाह मिळाला. त्या नोंदीत वधू, वर आणि दोन साक्षीदार एवढीच नावे होती. त्यांपैकी एका साक्षीदाराचे आडनाव नंतर महत्त्वाचे ठरले.

नागरिकत्वाचा कागद हा या टप्प्यातील नाजूक भाग होता. १९०६ पूर्वी अमेरिकेत कोणतेही नोंदी ठेवणारे न्यायालय नागरिकत्व देऊ शकत असे. सामायिक वंशावळीत लावलेल्या १८५८ च्या कागदावरील दोन्ही साक्षीदार दुसऱ्या पॅट्रिकचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी निघाले, म्हणून तो कागद घराण्याच्या पॅट्रिककडून काढून घ्यावा लागला. त्याच्या जागी काहीच नाही, हे घरच्यांना रुचले नाही. परंतु १८७० च्या शिरगणतीत २१ वर्षांवरील पुरुष नागरिक आहे का, याचा रकाना आहे आणि त्यात पॅट्रिकपुढे खूण आहे. म्हणजे कागद कुठेतरी असायला हवा होता. तो शेजारच्या काउंटीच्या न्यायालयात मिळाला. त्यात मूळ ठिकाण म्हणून केवळ आयर्लंड आणि सोडलेली निष्ठा म्हणून राणी व्हिक्टोरिया यांचा उल्लेख आहे, जो त्या काळच्या बहुतेक कागदांत असतो.

कॉर्कची परंपराही याच टप्प्यात सुटली. चिकटवहीत कॉर्क काउंटीत जन्मलेल्या पॅट्रिकचे मृत्युवृत्त होते आणि कात्रणावर तारीख नव्हती. मूळ वर्तमानपत्राशी ताडून पाहता ते १८९७ चे, म्हणजे दुसऱ्या पॅट्रिकचे निघाले. दगडावरील १८८१ शी त्याचा मेळ बसणे शक्यच नव्हते. आयरिश वंशजांमध्ये कॉर्कची परंपरा पुष्कळदा कॉर्क काउंटीतील क्वीन्सटाउन बंदरावरून येते, कारण आजोबा जिथून जहाजात बसले तेच गाव, असा समज रूढ होतो. येथे ते स्पष्टीकरण मला पटत नाही. १८५० च्या आसपास पश्चिम क्लेअरमधून निघणारे बहुतेक लिमरिकहून किंवा लिव्हरपूलहून निघत. कोणीतरी नाव पाहून कात्रण चिकटवले आणि पुढच्या पिढ्यांनी ते वाचून आपले मूळ ठरवले, ही शक्यता अधिक सरळ आहे.

दुसरा निर्णय: मायकेलच्या मागे जाणे

१८६० च्या त्याच घरात मायकेल नावाचा २२ वर्षांचा शेतमजूर त्याच आडनावाने नोंदलेला आहे. १८८० पूर्वीच्या शिरगणतीत घरातील माणसांचे नाते लिहीत नसत, म्हणून तो भाऊ, पुतण्या किंवा केवळ गाववाला, काहीही असू शकत होता. १८७० मध्ये तो कुठेच नाही. अविवाहित, निःसंतान दिसणाऱ्या माणसाच्या मागे वेळ घालवावा का, असा प्रश्न आला. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत फलदायी निर्णय तो वेळ घालवण्याचा होता.

आयोवा राज्याने १९०८ ते १९११ या काळात छापलेल्या अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या नामावळीत मायकेल सापडला: जन्म आयर्लंड, राहणे त्याच काउंटीत, १८६३ च्या उन्हाळ्यात व्हिक्सबर्गच्या छावणीत आजाराने मृत्यू. त्या युद्धात लढाईपेक्षा रोगाने मेलेले सैनिक कितीतरी अधिक होते. निवृत्तिवेतनाच्या सूचीत त्याच्या नावापुढे दावेदार म्हणून ‘आई’ लिहिलेले होते. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने मृत सैनिकावर अवलंबून असलेल्या आईला निवृत्तिवेतन मागता येई. मात्र त्यासाठी तिला आपला विवाह, पतीचा मृत्यू किंवा असमर्थता आणि त्या मुलावरील अवलंबित्व सिद्ध करावे लागे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून ती पूर्ण फाइल मागवण्यात आली.

आईचे नाव होनोरा. शेजारच्या काउंटीत कॅथरीन या मुलीच्या घरी राहणाऱ्या या बाईने १८६४ मध्ये शपथपत्र दिले आहे. तिचा विवाह क्लेअर काउंटीतील एका नाव दिलेल्या पॅरिशमध्ये फेब्रुवारी १८२४ मध्ये जॉनशी झाला, जॉन १८४८ मध्ये वारला आणि ती १८५२ मध्ये अमेरिकेत आली. फेब्रुवारी हा महिना विश्वासार्ह वाटतो, कारण आयरिश ग्रामीण भागात ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यांत विवाहांची गर्दी असे. फाइलमधील दुसरे शपथपत्र थोरला मुलगा पॅट्रिक याचे आहे. आपल्याला स्वतःची लहान मुले असल्यामुळे आईला पोसता येत नाही आणि मायकेल आपल्या पगारातून तिला पैसे देत असे, असे त्यात लिहिले असून सहीच्या जागी फुली आहे. राहण्याचे ठिकाण म्हणून दिलेली टाउनशिप घराण्याच्या शेताचीच आहे, दुसऱ्या पॅट्रिकची नाही. तिसरे शपथपत्र या कुटुंबाला आयर्लंडमध्ये ओळखत होतो असे सांगणाऱ्या माणसाचे, आणि त्याचे आडनाव इलिनॉयमधील विवाहाच्या त्या साक्षीदाराचेच. सरकारने गरीब विधवेकडे मागितलेल्या पुराव्यांच्या जाचक यादीमुळेच हे सगळे लिहिले गेले. ही फाइल वाचताना त्या जाचाबद्दल संताप येतो आणि कृतज्ञताही वाटते.

समुद्रापलीकडचे कागद

आता काउंटी आणि पॅरिश दोन्ही हाती होती. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या, त्यामुळे हे काम आयोवात बसून करता आले. त्या पॅरिशची उपलब्ध नोंदवही १८३९ पासून सुरू होते. म्हणजे १८२४ चा विवाह आणि १८२६ च्या सुमाराचा पॅट्रिकचा बाप्तिस्मा तिच्यात असणे शक्यच नाही. तिच्यात जॉन आणि होनोरा यांची तीन मुले मिळाली: १८३९ मध्ये मायकेल, १८४२ मध्ये आणखी एक मुलगी आणि १८४५ मध्ये मेरी. तिन्ही नोंदींत आईचे माहेरचे आडनाव आणि एकच टाउनलँड आहे.

त्या टाउनलँडमध्ये हे घर पुढे का दिसत नाही, हे इतिहासातून कळते. क्लेअरची लोकसंख्या १८४१ ते १८५१ या दशकात सुमारे २ लाख ८६ हजारांवरून २ लाख १२ हजारांवर घसरली. किलरशच्या परिसरात १८४७ च्या अखेरीपासून जमीनदारांनी हजारो कुळांना घराबाहेर काढून झोपड्या पाडल्या. गरीब कायद्याचे निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी यांनी त्यांच्या याद्या केल्या आणि त्या ब्रिटिश संसदेपुढे ठेवल्या गेल्या. त्या यादीत याच टाउनलँडमध्ये याच आडनावाचे एक घर आहे, पण पहिले नाव जॉन नसून थॉमस आहे, त्यामुळे ती नोंद आपल्या कुटुंबाची मानलेली नाही. क्लेअरसाठी १८५५ मध्ये छापलेल्या ग्रिफिथच्या जमीन मूल्यांकनात टाउनलँडमध्ये हे आडनाव उरलेले नाही.

येथे पुन्हा निर्णयाचा प्रसंग आला. मायकेल आणि होनोरा ही नावे क्लेअरमध्ये इतकी सामान्य आहेत की, केवळ नोंदवहीवरून हेच ते कुटुंब असे म्हणणे धाडसाचे होते. म्हणून मागे राहिलेल्या मेरीचा माग घेतला गेला. आयर्लंडमध्ये कॅथलिकांसह सर्वांच्या जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद १८६४ पासून होते. १८६८ च्या मेरीच्या विवाहनोंदीत वडील जॉन, मृत, असे आहे. १९०१ च्या शिरगणतीत ती स्वतःला ५० वर्षांची आणि १९११ मध्ये ६६ वर्षांची सांगते. दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारे होणारे तिथे तेव्हा असंख्य होते, कारण १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीनंतर वृद्धत्व निवृत्तिवेतन मिळू लागले होते.

याच निवृत्तिवेतनाने शोध पक्का केला. जन्मदाखला नसलेल्यांचे वय ठरवण्यासाठी, तेव्हा अजून शाबूत असलेल्या १८४१ आणि १८५१ च्या शिरगणत्यांत शोध घेण्याचे अर्ज डब्लिनच्या दफ्तरखान्यात येत. शिरगणत्या १९२२ मध्ये जळाल्या, अर्ज मात्र वाचले आणि आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. मेरीच्या १९१६ च्या अर्जात वडील जॉन, आई होनोरा आणि आईचे माहेरचे आडनाव आहे, शिवाय कारकुनाने जुन्या शिरगणतीतून उतरवलेली टीप आहे: १८५१ मध्ये शेजारच्या टाउनलँडमध्ये मामाच्या घरी होनोरा, विधवा, मायकेल, आणि मेरी, सहा वर्षे. पुढच्या वर्षी होनोरा मायकेलला घेऊन निघाली. मेरी मामाकडेच राहिली, ती कायमची. मधल्या मुलीचे नाव त्या यादीत नाही.

डीएनए चाचणीचा वाटा

विचारणाऱ्या बाईंच्या आत्याबाई नव्वदी ओलांडलेल्या होत्या. त्या पॅट्रिकच्या पणती, म्हणजे एक पिढी जवळच्या, म्हणून चाचणी त्यांचीच घेतली गेली. निकाल कोणाकोणाला दिसेल हे त्यांना नीट समजावून त्यांची लेखी संमती घेतली होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मेरीच्या एका पणतूशी त्यांचा ६१ सेंटिमॉर्गनचा (दोघांत समान असलेल्या डीएनएचे माप) मेळ निघाला. भावंडांच्या पणतवंडांमध्ये, म्हणजे तिसऱ्या फळीच्या चुलत भावंडांत, हा आकडा सरासरी सत्तरच्या आसपास असतो आणि त्याची व्याप्ती मोठी असते. त्यामुळे हा मेळ आपल्या नात्याशी सुसंगत आहे, पण तो एकटा ते सिद्ध करत नाही.

खरी अडचण निराळी होती. ब्रिजेटही क्लेअरचीच होती, तेव्हा हा मेळ तिच्या बाजूनेही आलेला असू शकत होता. ती शक्यता वगळण्यासाठी कॅथरीनच्या वंशजांपैकी एकाला चाचणीची विनंती केली. कॅथरीन ही पॅट्रिकची बहीण, तिच्या वंशजांचा ब्रिजेटच्या माहेराशी ज्ञात संबंध नाही. त्यांचाही मेरीच्या पणतूशी मेळ निघाला. पश्चिम क्लेअरमधील घराणी एकमेकांत अनेकदा सोयरिकीने गुंतलेली आहेत, म्हणून या निकालाला आधाराचे स्थान दिले आहे. निष्कर्ष कागदांवर उभा आहे.

खालच्या पिढ्या

अमेरिकेतील पुढच्या पिढ्या तुलनेने सोप्या होत्या. १८९० ची अमेरिकी शिरगणती १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीत सापडून जवळजवळ पूर्ण गेली, पण आयोवाने १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःच्या शिरगणत्या घेतल्या असल्याने ते खिंडार भरून निघाले. १९२५ ची राज्य शिरगणती तर प्रत्येकाच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, विचारते. १८८१ मध्ये पॅट्रिक मृत्युपत्र न करता वारला तेव्हा शेत १६० एकरांचे झाले होते, आणि वारसांच्या यादीत सगळ्या मुलांचे पत्ते आले. जॉन नेब्रास्कात गेला होता. एक मुलगी डब्यूकमधील आयरिश मूळ असलेल्या एका धर्मभगिनी संघात होती. अशा संघांच्या दफ्तरात प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या आईवडिलांची माहिती असते, आणि येथेही वडिलांचा जन्म क्लेअर असा उल्लेख मिळाला. तो उल्लेख पॅट्रिकबद्दलचा, त्याच्याच मुलीने सांगितलेला आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. धाकट्या थॉमसने भावंडांचे हिस्से विकत घेऊन शेत राखले. त्याच्या मुलाच्या हातून १९३० च्या दशकात निम्मी जमीन कर्जापायी गेली आणि उरलेली अजून घरात आहे.

एका मुलीचा माग १८८२ नंतर सुटतो. १९०७ मधील ब्रिजेटच्या मृत्युवृत्तात शिकागोतील मुलगी असा उल्लेख आहे, पण तो फक्त पतीच्या आडनावाने, आणि ते आडनाव शिकागोत हजारोंनी आहे. १९०० च्या शिरगणतीत ब्रिजेटने नऊ मुले झाल्याचे सांगितले. चर्चच्या नोंदींत आठच आहेत. नववे इलिनॉयमध्ये वारले असावे.

निष्पत्ती

निष्कर्ष तीन वेगळ्या बळांनी मांडला गेला. पॅट्रिक हा जॉन आणि होनोरा यांचा मुलगा, हे त्याच्या स्वतःच्या शपथपत्रामुळे सिद्ध मानले. हे कुटुंब १८३९ ते १८४५ या काळात त्या टाउनलँडमध्ये होते, हेही सिद्ध. पॅट्रिकचा जन्म तिथेच झाला, हे मात्र संभाव्य इतकेच, कारण १८२६ चा कोणताही कागद नाही आणि छोटी कुळे एका टाउनलँडमधून दुसऱ्यात हलत असत. जॉनच्या आधीची पिढी जोडलेली नाही. १८२० च्या दशकातील चर्चच्या दशांश कराच्या वहीत त्या टाउनलँडमध्ये त्या नावाचे दोन जॉन आहेत आणि त्यांच्यात निवड करायला आधार नाही.

काय वेगळे करता आले असते

मायकेलची फाइल खूप आधी मागवता आली असती. १८६० च्या घरात युद्धाच्या वयाचा अविवाहित तरुण दिसला आणि १८७० मध्ये तो नाहीसा झाला, एवढ्यावरूनच सैनिकांची नामावळी उघडणे योग्य ठरले असते. नागरिकत्वाच्या कागदाचा पाठलाग त्यानंतरही करता आला असता, कारण त्यातून गाव मिळण्याची आशा पहिल्यापासून कमी होती. दोन पॅट्रिक वेगळे करण्याचे काम मात्र टाळता आले नसते. ते झाले नसते तर शपथपत्रातील टाउनशिपचे महत्त्व कळलेच नसते.

आत्याबाईंची चाचणी आणि त्यांच्याशी बोलणे कामाच्या अगदी आरंभी व्हायला हवे होते. चाचणीच्या वेळी बोलता बोलता त्यांनी सांगितले की, आपल्या लहानपणी आयर्लंडहून नाताळला पत्र येत असे आणि आजोबा थॉमस ते मोठ्याने वाचून दाखवत. ती पत्रे मेरीच्या मुलांकडची असणार. पत्रे कोणाकडे गेली हे त्यांना आठवत नव्हते, पण हे आधी समजले असते तर मागे राहिलेल्या भावंडाचा शोध पहिल्या टप्प्यातच सुरू झाला असता. नेब्रास्काच्या शाखेला पत्रांबद्दल आता लिहिलेले आहे. इंटरनेटवरील कॉर्कची वंशावळ जिथे जिथे उतरवली गेली आहे, तिथे दोन्ही पॅट्रिकच्या शेतांचे सेक्शन क्रमांक आणि १८९७ च्या मृत्युवृत्ताची तारीख देणारी टीप जोडण्यात आली आहे. काहींनी दुरुस्ती केली, काहींनी केलेली नाही.